गंधवार्ता

मोज्यांच्या गिरणीत माझं काम वास घेण्याचं.
हसू नका. पगाराच्या चिठ्ठीवर तसं छापलंय:
इझाल्तिना फ्रेइतास, परीक्षक (नाक).

कामगारांनी आठ दिवस न धुता घातलेले मोजे
बरण्यांत बंद होऊन माझ्या टेबलावर येतात.
झाकण काढायचं, एकच श्वास घ्यायचा,
शून्य ते पाचातला एक आकडा लिहायचा.
त्याआधी तासभर कॉफी नाही, लसूण नाही.
अत्तर तर अकरा वर्षांत नाही.

चांदीच्या हौदातून निघालेल्या मोज्यांना मी शून्य देते.
खरंच शून्य. जणू त्यांत कधी पाय गेलाच नव्हता.
इंजिनियर सांगतो, चांदीच आहे ती,
पण तुमच्या कानांतली नव्हे.
केसाच्या रुंदीवर हजार कण शेजारी शेजारी बसतील
इतकी बारीक.
जंतू मरतात, घाम मुका होतो,
जर्मनीहून मागणी येते
आणि उत्तर पोर्तुगालच्या या दरीत
आमच्या पोरांच्या फिया भरल्या जातात.

ती चांदी मोज्यात बसून राहत नाही, एवढंच.
धुण्यागणिक थोडी सुटते.
आणि हौद खंगाळलेलं पाणी
गिरणीमागच्या नळातून सरळ नदीत.

पूर्वी इथे रंगखातं होतं.
सोमवारी नदी निळी, गुरुवारी डाळिंबी.
तेव्हा पाद्रीसुद्धा ओरडायचे.
आता तळाचे खडे मोजून घ्या.
म्हणून कोणी ओरडत नाही.

मार्चमध्ये माझा दीर तिबुर्सियु
गळ गुंडाळून रिकाम्या हाताने परतला.
म्हणाला, मासे मिळाले, सोडून दिले. वेडे झालेत.
एक ट्राउट गळाला, रक्त सांडतंय,
आणि हातभर अंतरावर बाकीचे शेवाळातले किडे टिपतायत.
पूर्वी एकाला नुसतं खरचटलं
तरी अख्खा डोह रिकामा व्हायचा.
पाणमांजर आता धावतही नाही म्हणे,
बसून जेवतं.

मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.
तो म्हणाला, मुरत नाहीये, वाहतंय.

त्याची धर्मकन्या ग्रासिंदा विद्यापीठात मासे चिरते.
तिने दोन टाक्या दाखवल्या.
एकीत झऱ्याचं पाणी, दुसरीत आमचं.
जखमी माशाच्या कातडीतून काहीतरी झिरपतं,
त्याचा एकेक थेंब तिने दोन्हीकडे सोडला.
पहिल्या टाकीतले झर्रकन तळाला गेले,
दगडासारखे निश्चल झाले.
दुसऱ्या टाकीला गंधवार्ता नव्हती.
एक तर बुडबुड्यामागे तोंड उघडत फिरत होता.

मग भिंगाखाली कल्ले:
लालसर पाकळ्या सुजून एकमेकींना चिकटलेल्या,
वर सायीसारखा चिकटा,
श्वास घ्यायचा तर त्यातूनच.
आणि डोळ्यांपुढे दोन खळगे.
आत चुण्या चुण्यांचं एक फूल, कडेने करपलेलं.
हे काय, मी विचारलं.
नाक, ती म्हणाली.

अकरा वर्षं नाकावर पोट भरतेय मी.
माशाला नाक असतं हे मला ठाऊक नव्हतं.

शून्य ते पाचात किती देशील, मी विचारलं.
तिला कळलं नाही. ती दिवा बंद करायला गेली.

नाताळला गिरणी आम्हाला दोन डझन जोड भेट देते.
रविवारी त्यातलेच काढून बुटांत कोंबले
आणि पाय पाण्यात सोडून बसले.
थंडीने घोटे दुखायला लागले.
तीन ट्राउट आले, ठिपक्यांचे, वीतभर,
माझ्या टाचेला थुंकीएवढ्या अंतरावर.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणसाळलेत.

मी पाय आपटला.
पाणी उडालं, गढूळ झालं, निवळलं.
तिघेही तिथेच.